हवालदार हिंमत आणि डावरी गाठ

नवा हवालदार हिंमत मला आवडला नाही. खोका हातात घेतल्या घेतल्या माझं हे मत झालेलं आणि ते आजही तसंच आहे. पुढे जे झालं त्याचा या मताशी कोणी संबंध लावू नये, म्हणून आधीच सांगून टाकतो.

एकोणीसशे शहाण्णवचा एप्रिल होता. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करायचो. बादल्या, मग, डब्यांची झाकणं. आणि हौस म्हणून ठाण्याच्या एका साप्ताहिकात खेळण्यांवर लिहायचो. 'खेळण्यांची पारख' असं सदराचं नाव. वाचणारे थोडे, पण होते ते चिवट. अमक्या मोटारीचं चाक निघतं असं मी लिहिलं की दुकानदार भर रस्त्यात अडवून भांडायचे. मला भांडायला आवडतं, त्यामुळे सदर चाललं.

जुना हिंमत कसा होता हे नव्या पोरांना सांगावं लागेल. त्र्याऐंशी साली माजिवड्याच्या एका शेडमध्ये तो बनायला लागला. वीतभर उंच, हिरवा कापडी गणवेश, रबरी बूट, खांद्याला रायफल. छातीच्या पोकळीत एक रबर ताणून बसवलेलं असायचं आणि हात, पाय, मुंडकं त्याला आतून अडकवलेलं. म्हणून तो कसाही बसायचा, उभा राहायचा, सलाम ठोकायचा. पण खरी जादू चेहऱ्यात होती. रागीट नव्हता हो तो. जरासा थकलेला, लांब कुठेतरी बघणारा, घरी पत्र लिहायचं राहिलेल्या माणसासारखा. मी सातवीत होतो तेव्हा. वर्गात प्रत्येकाला तो हवा होता आणि मला मिळालेला.

आता नवा बघा. पैलवानासारखे खांदे, पुढे आलेला जबडा, डोळ्यांवर काळा गॉगल. दुकानात मांडलेला एक मी हाताळून बघितला: छातीवरचं बटण दाबलं की हिंदीत ओरडतो. गुडघे वाकतात, कंबर फिरते, मनगटसुद्धा वळतं. सांध्यांना माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. पण याला बघून शत्रू पळेल, पोरगं झोपताना कुशीत घेणार नाही. हे मी लिहिणार होतोच. फक्त माझा एक नियम आहे: नव्याला नावं ठेवायची तर जुना शेजारी ठेवून. आठवणीवर भरवसा ठेवून परीक्षण लिहिणारा माणूस लबाड.

आणि माझा जुना हिंमत आईने बोहारणीला देऊन टाकलेला. बदल्यात चहाची गाळणी घेतली. ती गाळणी अजून घरात आहे आणि तिच्यातला चहा मी पीत नाही.

म्हणून सदरात दोन ओळी टाकल्या, कोणाकडे जुना हवालदार हिंमत असेल तर थोडे दिवस द्यावा, परत मिळेल. कोणी विचारलं नाही. मग एका रविवारी विष्णूनगरच्या मासळी बाजारात शेवंतीमावशीने मला हाक मारली.

शेवंतीमावशी मोठागावची, खाडीकाठची कोळीण. आमच्या घरी पिढीजात तिच्याचकडचे मासे. बाजारात तिचा आवाज सगळ्यात मोठा आणि काटा सगळ्यात खरा. तिचा एकुलता मुलगा पंढरी फौजेत होता. एकोणनव्वद साली वर बर्फात गस्तीवर असताना कडा घसरला आणि तो त्याखाली गेला. प्रेत मिळालं नाही. सरकारने गेला म्हणून कळवलं, पण घरात उत्तरकार्य झालं नाही, कारण सून, गोदा, मानायला तयार नव्हती. सात वर्षं झाली तरी ती कुंकू लावून, हिरवा चुडा भरून बसली होती. हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल शेवंतीमावशीसमोर बोलायची कोणाची टाप नव्हती.

"काय रं बाला, तुला तो सैनिक पायजेल ना?" मावशी म्हणाली. "गोदा वाचत व्हती पेपरात."

"आहे तुमच्याकडे?"

तिने पाटीतला बर्फ बाजूला सारला, पापलेटांखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या थैलीत कोंबलं. पंढरी फौजेत जायच्या आधी माजिवड्याच्या त्याच शेडमध्ये हिंमतला रबर भरायच्या कामावर होता, त्यातलाच हा एक घरी आणलेला. हे ती मासे साफ करता करता बोलली.

"तू उघडतोस ना समदी खेळनी?"

"उघडल्याशिवाय कळणार कसं?"

"मंग ह्यालापन उघड. नीट उघड." तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "न् गोदाला कलू नको देऊस."

मला वाटलं, नवऱ्याची आठवण म्हणून सुनेचा जीव असेल त्याच्यावर. मी हो म्हटलं आणि कोलंबीचा वाटा घेऊन घरी आलो.

पिशवी सोडली तर हिंमत बर्फासारखा गार आणि ओलाचिंब. साहजिकच होतं, बर्फाच्या पाटीतून आलेला. मी त्याला पुसला, गणवेश उतरवून दोरीवर घातला आणि त्याला गॅलरीत कडक उन्हात ठेवून दिला. चेहरा मात्र तोच. तेच डोळे, तीच नजर. इतक्या वर्षांनी शाळासोबती भेटावा तसं वाटलं मला, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

संध्याकाळी पाठीचे स्क्रू काढले. आत रबर नव्हतंच. रबर कुजल्यावर कोणीतरी जाळ्याचा पांढरा नायलॉन धागा दुहेरी ओवून हातपाय बांधलेले, आणि मधोमध एक गाठ. सुंदर काम. धागा कुठे सैल नाही, कुठे जास्त ताण नाही. गाठीचे वळ मात्र उलटे होते, डावरा माणूस मारतो तसे, आणि टोक आत दडवलेलं. माल तपासायची सवय. असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

दिवसभर उन्हात तापूनही आतला धागा ओला होता.

ताण बघावा म्हणून मी टोच्याने गाठ जरा ढिली करायला गेलो. हलली नाही. बोटाने दाबली, तर बोटाचं टोक क्षणात बधिर झालं, बर्फाची लादी धरल्यावर होतं तसं. ब्लेड हातात घेतलं आणि ठेवून दिलं. आमच्या धंद्यात मूळ नमुना कधी कापत नाहीत. ज्याच्याशी ताडून बघायचं तोच मोडला तर ताडणार कशाशी? कापायचा तो नवा. मी पाठ बंद करून स्क्रू लावून टाकले.

खिडकीजवळच्या टेबलावर दोघांना शेजारी उभं केलं. नवा त्याच्या खोक्यात, पारदर्शक कागदाच्या खिडकीआड. जुना त्याच्या डाव्या हाताला, गणवेश घालून.

सकाळी जुन्याच्या पायाखाली पाणी होतं.

"अहो, तुमच्या हवालदाराला म्हणावं मोरी तिकडे आहे," माझी बायको शकू म्हणाली आणि फडकं फिरवून गेली.

मी कारणं काढली. पोकळीत राहिलेलं पाणी, खाडीवरची दमट हवा. त्याच्याखाली स्टीलची ताटली ठेवली. दुसऱ्या दिवशी ताटलीत पाणी. पाठ उघडून टीपकागदाने आतून कोरडा केला, पुन्हा ठेवला. पुन्हा पाणी. मग मी ते बोटाने चाखलं. खाडीचं पाणी म्हटलं तर खारट लागायला हवं, नळाचं म्हटलं तर औषधाचा वास हवा. या पाण्याला कसलीच चव नव्हती. इतकं कोरं पाणी मी कधी प्यायलो नव्हतो.

मग नव्याच्या खोक्याची खिडकी धुरकटली. बाहेरून नाही, आतून. खोक्याला कंपनीची चिकटपट्टी तशीच होती. पुसून पुसून थकलो आणि मग लक्षात आलं की मी चुकीच्या बाजूने पुसतोय. बाहेर एप्रिलचा उकाडा, अंगाला बनियन चिकटलेलं, आणि त्या कागदावर आतून थंडीतल्या काचेसारखी वाफ. नव्याच्या तोंडासमोर जरा जास्त होती.

शकूने त्यानंतर चेष्टा केली नाही. दुपारी कामावरून आलो तर तिने जुन्या हिंमतला आपल्या लोकरी मफलरात गुंडाळून उन्हात ठेवलेलं. मी बघत राहिलो तशी म्हणाली, "गारठलाय हो बिचारा. बघा तरी हात लावून." तिला रडू येत होतं आणि का ते तिचं तिला कळत नव्हतं.

मी मनाशी म्हटलं, सुधीर, पुरे झालं. नवा कापू, परीक्षण लिहू, जुना परत देऊ.

नव्याची छाती दोन अर्ध्या वाट्यांची. कडा यंत्राने वितळवून अशा जोडलेल्या की सुईसुद्धा शिरणार नाही. हात, पाय, मुंडकं बाहेरून खटक्याने बसवलेलं. बटणाचा आवाज करणारी डबी तिच्या वेगळ्या कप्प्यात. म्हणजे छातीची पोकळी रिकामी आणि चारही बाजूंनी बंद. मी खोका फोडला, हॅक्सॉचं पातं जोडावर धरलं आणि सावकाश कापत गेलो. शकू शेजारी उभी होती.

अर्धी कापून झाल्यावर पात्याखालून पाणी आलं.

मग दोन्ही अर्ध्या वेगळ्या झाल्या. आत पांढरा नायलॉन धागा होता. कशालाही अडकवलेला नव्हता. नुसता मधोमध पडलेला, ओला, आणि त्याला एक गाठ. वळ उलटे.

"तुम्ही ठेवलात का हो?" शकूने विचारलं.

"मी कसा ठेवणार? तुझ्यासमोर कापला ना!"

मी भडकलो होतो, पण तिच्यावर नाही. टेबलावर दिवा आणला, भिंग आणलं. जुन्यातल्या गाठीसारखीच होती, पण तीच नव्हती. जुनीत टोक आत दडवलेलं होतं. हिच्यात टोक बाहेर, बोटभर लोंबणारं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून माजिवड्याला गेलो. शेड जाऊन आता तिथे कंपनीची दुमजली इमारत झालेली. तिथल्या डिझाइनच्या माणसाने माझं ऐकून घेतलं, हसला, आणि माझ्यासमोर त्याच खेपेतले दोन नवे हिंमत कापून दाखवले. आत हवा, बाकी काही नाही. "धागा? आमच्या कारखान्यात धागाच येत नाही हो," तो म्हणाला. "तुमची कोणीतरी फिरकी घेतली." परत येताना डोंबिवलीच्या दुकानातून मी स्वतः एक घेतला आणि कापला. रिकामा. म्हणजे गाठ फक्त त्या एकातच आलेली, जो जुन्याच्या शेजारी उभा होता.

त्याच दुपारी दोघांना थैलीत घालून मी मोठागावला गेलो.

शेवंतीमावशीचं घर खाडीच्या बाजूला, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. अंगणात जवळा वाळत घातलेला आणि गोदा उन्हात बसून त्यातला कचरा वेचत होती. मी तिला बाजारात सासूच्या मागे पाटी घेऊन येताना बघितलेलं, पण इतक्या जवळून आत्ताच. तिशीची असेल. हसरा चेहरा असावा मुळात. मावशी पडवीत बसलेली. मला बघून तिने डोळ्यांनी खूण केली, पण उशीर झाला होता. थैलीतून रायफलचं टोक बाहेर आलेलं.

गोदा उठली. "आये, तू दिलास ह्यांना?"

"दिला."

"मना न विचारता?"

"विचारला असता तर दिला असतास?" मावशी उभी राहिली. बाजारातला तो आवाज आता कापत होता. "हो, दिला! तुझ्यासाठी दिला. माझे हात थकले गो पोरी. मी डोले मिटले म्हंजे तुला कोन हाय? दिवा गावचा राघो दोन वर्सं थांबलाय. चांगला मानूस हाय, बायको मेल्यापासून कुनाकडं वर डोले करून बघितला नाय त्यानं. पाट लावायला तयार हाय. आनि तू? ना सवाशीन, ना रांडाव. एका गाठीपायी!"

मग दोघींच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. त्यांच्या घरची रीत अशी की दूरच्या वाटेला जाणारा माणूस निघताना घरात एक गाठ मारून जातो आणि परत आला की स्वतःच ती सोडतो. पंढरीने शेवटच्या सुट्टीत या हिंमतचं कुजलेलं रबर काढून धागा भरला, त्याच्यातच गाठ मारली आणि गोदाला सांगितलं, मी येऊन सोडीन. ती गाठ घरच्या बाईने सोडली तर आपल्या हाताने त्याला परका केल्यासारखं. परक्याच्या हातून सुटली तर मात्र कोणाला दोष नाही. म्हणून मावशीने परका शोधला, असा की जो खेळणी फोडतोच.

"म्हणजे मावशी, माझ्याकडून सोडवून घेणार होतात?"

"मंग? सोडलीस ना?"

"नाही सोडली. कापलीपण नाही."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "आई एकवीरे! जगाची खेळनी फोडलीस न् नेमका ह्यालाच जपून ठेवलास!"

एरवी मी हसलो असतो. गोदाने हिंमत माझ्या हातून घेऊन छातीशी धरला होता. ती म्हणाली, "नाय सुटली. बगितलंस? त्याला नाय सुटायचं अजून." मावशी खाली बसली. सात वर्षांचा थकवा त्या बाईला एकदम आल्यासारखा झाला.

मी नव्याच्या दोन अर्ध्या काढून सारवलेल्या जमिनीवर ठेवल्या.

"हे काय?" गोदाने विचारलं.

मी सांगितलं. कंपनीची चिकटपट्टी, यंत्राने जोडलेल्या कडा, मी कापलं तेव्हा शकू शेजारी होती. काही वाढवून सांगितलं नाही.

गोदा वाकली. तिचा हात गाठीवर गेला आणि तिथेच थांबला.

"आये," ती म्हणाली. "बग."

मावशी सरकत आली. तिने धागा उन्हात धरला, वळांवरून अंगठा फिरवला. "डावरी हाय," ती पुटपुटली. "पंढरीचा हात."

"ती नाय. टोक बग."

मी विचारलं, टोकाचं काय?

"जाताना मारतात तिचा टोक आत असतो," गोदा माझ्याकडे न बघता म्हणाली. "ही तशी नाय. होडी किनाऱ्याला लागली की खुंट्याला बांधतात, तवा टोक बाहेर ठेवतात. वढला की सुटायला. ही लागल्याची गाठ हाय."

"आत व्हती? बंद व्हता तो?" मावशीने मला विचारलं.

"बंद होता, मावशी."

खाडीवरून वारा येत होता, गरम. जवळ्याचा वास सगळ्या अंगणात. गोदा खाली बसली, मांडी घालून, हिंमतला मांडीवर घेऊन. कितीतरी वेळ ती त्या थकलेल्या चेहऱ्याकडे बघत होती.

मग तिने नव्यातल्या गाठीचं टोक ओढलं.

एका हिसक्यात सुटली.

तिने हिंमतची पाठ माझ्याकडे केली. मी स्क्रू काढून दिले. ज्या गाठीपुढे माझ्या टोच्याने हात टेकले होते, ती गोदाने नखाने उचलली. नुसती उचलली.

हात, पाय, मुंडकं तिच्या मांडीत सुटे पडले.

आणि पाणी. वीतभर खेळण्यातून येईल त्याहून पुष्कळ जास्त. तिचं लुगडं भिजलं, सारवलेली जमीन भिजली, ओघळ माझ्या पायापर्यंत आला. मी पाय मागे घेतला. इतकं गार.

"आला गो आये," गोदा म्हणाली. "आला तो."

मग ती रडली. शेजारपाजारच्या बाया धावत आल्या इतक्या मोठ्याने, सात वर्षांत पहिल्यांदा. मावशीने तिला पोटाशी धरलं आणि दोघी त्या गार पाण्यात बसून राहिल्या.

कार्य रीतसर झालं. प्रेत नव्हतं म्हणून दर्भाचा पुतळा केला, त्याला खाडीकाठी अग्नी दिला. जुन्या हिंमतचे तुकडे, दोन्ही धागे आणि नव्याच्या त्या दोन अर्ध्या मावशीने ओहोटीच्या पाण्यात सोडल्या. मी आणि शकू गेलेलो. शकूने आपला मफलरही सोडला.

दिवाळीनंतर गोदाचा राघोशी पाट लागला. राघो शीळफाट्याच्या पेट्रोल पंपावर कामाला, गोल चेहऱ्याचा, लाजाळू गडी. त्यांची मिठागरं होती पूर्वी, पण याने जन्मात कधी जाळं हातात धरलेलं नाही. मावशी सगळ्यांसमोर त्याची उडवायची, "जावयाला माज्या पायजम्याची नाडीपन बांधता येत नाय. निरगाठ बसते न् गोदाला सोडवायला बोलवतो!" राघो लाल व्हायचा आणि गोदा पदरात तोंड लपवून हसायची. तिला तसं हसताना बघून माझ्या जिवाला बरं वाटलं. कार्यानंतर ताटलीत, खोक्यात, कुठेही पाणी आलं नाही. झालं ते झालं, मी त्याचा नाद सोडला.

परीक्षण छापून आलं. सांधे उत्तम, चेहरा उद्धट, जुन्याची सर नाही, असं लिहिलं. आतलं काही लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी दिव्याला त्यांच्या घरी गेलेलो. मावशीही आता तिथेच राहायला आलेली. नवी चाळ, एक खोली आणि स्वयंपाकघर, दाराशी पाण्याची पिंपं, सगळी कोरडी ठणठणीत. टँकर आला नाही म्हणून चाळीत आरडाओरडा चाललेला. शेजारून मागून आणलेल्या पाण्यात गोदाने चहा केला. अंगाने भरली होती ती. दिवस गेलेत, मावशीने माझ्या कानात सांगितलं.

निघताना गोदा म्हणाली, "भाऊ, शकूवैनींना सोडे घेऊन जा." तिने कागदात सोडे बांधायला घेतले, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं आणि ती आत धावली. तशी पुडी राघोने पुढ्यात ओढली. पंपावरच्या मालकाची तक्रार सांगत होता तो मला. सांगता सांगता त्याने सुतळी घेतली, पुडीभोवती फिरवली, आणि मध्येच ती उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

त्याचं लक्ष नव्हतं. बोलत होता, हसत होता. बोटं आपोआप चालत होती, भराभर, खाली न बघता. शेवटी टोक बाहेर काढून त्याने अंगठ्याने दाबलं.

"राघोभाऊ, डावरे आहात काय तुम्ही?"

"मी? छे हो." त्याने दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. "का, सुटते का? मना कुठं येतं ते बांधायला. थांबा, गोदाला सांगतो."

मी वर बघितलं. गोदा आतल्या दारात उभी होती, हातात दुधाचं भांडं घेऊन. ती राघोच्या हातांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्नघरातून पाहुण्याला निरोप देताना असतो तसा निवांत चेहरा होता.

"असू दे," ती म्हणाली. "चांगली बांधलीय. भाऊ, घरी गेल्यावर कापू नका. टोक वढा."

घरी पोचलो तेव्हा ऊन तसंच तापलेलं होतं. शकू कात्री घेऊन आली. मी नको म्हटलं आणि पुडी टेबलावर ठेवून टोक ओढलं.

एका हिसक्यात सुटली. सुतळी ओली होती, आणि गार.